विम्याचे पैसे आधी येतात की नंतर?

दोन्ही नाटकं अमेरिकन, दोन्ही घरातली. दोन्हींत विम्याचे पैसे आहेत, बापाकडे टक लावून बघणारा मुलगा आहे आणि सगळ्यांना सांभाळून घेणारी बाई आहे. एवढं कमी म्हणून की काय, दोन्हींत एकेक विलीही आहे. आर्थर मिलरचं ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ १९४९ चं, लोरेन हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’ १९५९ चं. मुंबईतल्या आयबीसारख्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या मुलांनी इंग्रजीला ही दोन्ही वाचलेली असली, की परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांची खिचडी ठरलेली. मग दोन्ही उत्तरांत एकच वाक्य उतरतं: ‘या नाटकात अमेरिकन ड्रीमचा भंग दाखवला आहे.’ (अमेरिकन ड्रीम म्हणजे कष्ट केले की कुणीही वर येतो, हे स्वप्न.) वाक्य चूक नाही. पण नाटकाचं नाव बदललं तरी ते तसंच्या तसं चालतं, आणि तपासणाऱ्यालाही ते लगेच कळतं.

विलीचा गोंधळ आधी मिटवू. विली लोमन हा मिलरचा नायक, त्रेसष्ट वर्षांचा फिरता विक्रेता. विली हॅरिस हा हॅन्सबेरीच्या नाटकातला ठग. तो रंगमंचावर येतच नाही; तो पैसे घेऊन पळाल्याची बातमी तेवढी येते.

खरी खूण पैशांची आहे. हॅन्सबेरीच्या नाटकात बाप आधीच गेलेला आहे आणि त्याच्या विम्याचा दहा हजार डॉलरचा चेक यायचाय. पहिल्या अंकात सगळं घर पोस्टमनची वाट बघतं. पुढचं नाटक म्हणजे त्या चेकचं काय करायचं याचं भांडण. आई, म्हणजे लीना यंगर, साडेतीन हजार घरासाठी भरते. उरलेले साडेसहा हजार ती मुलाच्या, वॉल्टरच्या, हातात देते आणि त्यातले तीन हजार मुलीच्या, बेनीथाच्या, डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी वेगळे ठेवायला सांगते. वॉल्टर ते ठेवत नाही. त्याला दारूचं दुकान टाकायचंय, तो सगळीच रक्कम विली हॅरिसला देऊन बसतो.

मिलरकडे हेच उलटं आहे. तिथे विमा शेवटी येतो. नोकरी गेलेला, डोक्यात भूतकाळ घेऊन फिरणारा विली लोमन हिशेब मांडतो, की आपण जिवंत राहण्यापेक्षा मेलो तर घरच्यांना वीस हजार डॉलर मिळतील. याआधीही त्यानं मुद्दाम गाडी ठोकली असावी असा विमा कंपनीला आधीपासून संशय आहे, त्यामुळे पैसे मिळतील का हाच प्रश्न, आणि नाटक त्याचं उत्तर देत नाही. शेवटच्या प्रवेशात त्याची बायको लिंडा त्याच्या कबरीपाशी बसून सांगते, की घराचा शेवटचा हप्ता आजच भरला. पंचवीस वर्षं फेडलेलं घर आता मोकळं झालंय, पण त्यात राहायला कुणी नाही.

म्हणजे एकीकडे मरण हे भांडवल आहे आणि दुसरीकडे मरण हीच विक्री. उत्तरात हा फरक आला, की ‘स्वप्नभंग’ हा शब्द दोन्ही नाटकांसाठी सारख्या अर्थानं वापरताच येत नाही. विली लोमनचं स्वप्नच पोकळ आहे. माणूस लोकांना आवडला, चार ओळखी असल्या, की यश आपोआप येतं, असं तो मुलांना शिकवत आलाय. शेजारचा चार्ली त्याला नोकरी देऊ करतो. ती तो नाकारतो, पण दर आठवड्याला त्याच चार्लीकडून पन्नास डॉलर उसने घेऊन घरी पगार म्हणून देतो. यंगर या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या स्वप्नात असं पोकळ काही नाही. त्यांना न्हाणीघर असलेलं घर, मुलीचं शिक्षण आणि पोराला झोपायला खोली हवी आहे. अडवणूक बाहेरून होते.

ही अडवणूक समजायला मुंबईतल्या मुलांना लांब जावं लागू नये. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेल्या आजोबांना यंगरांची सकाळ समजावून सांगावी लागणार नाही: संडास बाहेर आणि शेजाऱ्यांबरोबर सामायिक, तो रिकामा झाला का यावर सगळ्यांचं लक्ष, वॉल्टरच्या शाळकरी मुलाची, ट्रॅव्हिसची, झोपायची जागा म्हणजे बैठकीच्या खोलीतला सोफा. आणि लीना क्लायबॉर्न पार्कमध्ये घर घेते तेव्हा तिथल्या गोऱ्या रहिवाशांच्या संघटनेचा कार्ल लिंडनर येतो, तो आरडाओरडा करत नाही. तो अदबीनं बोलतो, ‘आपापल्या लोकांत राहिलेलं बरं’ असं सुचवतो आणि घर सोडण्यासाठी भरलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे देऊ करतो. आडनाव, जात, धर्म किंवा ताटात काय असतं हे विचारून फ्लॅट नाकारणारी सोसायटी ज्यानं पाहिलीय, त्याला लिंडनरचा आवाज ओळखीचा वाटेल. हॅन्सबेरीनं हे ऐकीव लिहिलं नव्हतं. तिचं कुटुंब १९३७ मध्ये शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत राहायला गेलं होतं, आणि तो वाद १९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन तिच्या वडिलांच्या बाजूनं निकाली निघाला. विली लोमनच्या ब्रुकलिनमधल्या घराभोवतीही इमारतींनी फास आवळलाय, पण त्याला तिथे राहू नको असं कुणी म्हणत नाही. तो गोरा आहे, हे मिलरला वेगळं सांगावंही लागत नाही.

मला स्वतःला या दोन नाटकांतली सर्वांत जवळची आणि सर्वांत दूरची जागा एकच वाटते: मुलगा बापाला बघतो ती. विली लोमनचा मुलगा बिफ गणितात नापास होऊन बॉस्टनच्या हॉटेलात बापाकडे धावत जातो आणि खोलीत त्याला दुसरी बाई दिसते. त्या क्षणी त्याचा बापावरचा विश्वास तुटतो, तो कायमचाच. हॅन्सबेरीच्या शेवटच्या अंकात पैसे बुडालेले असतात आणि वॉल्टर लिंडनरचे पैसे घ्यायला तयार झालेला असतो. वॉल्टरची बायको रूथ ट्रॅव्हिसला खाली जायला सांगते, पण लीना त्याला तिथेच थांबवते. तू काय करतोस ते तुझ्या मुलाला बघू दे, असं ती वॉल्टरला सुनावते. मुलगा बघतोय म्हटल्यावर वॉल्टरच्या तोंडून नकार निघतो. एका मुलानं पाहिलं म्हणून बाप कोसळला, दुसऱ्यानं पाहिलं म्हणून उभा राहिला. तुलनेच्या प्रश्नाला एवढी एक जागा धरून लिहिलेलं उत्तर मी वीस मुद्द्यांच्या उत्तराच्या वर ठेवीन.

इथे एक आपल्याकडची सवय आडवी येते. म्हातारा बाप आणि बेपर्वा मुलं ही गोष्ट मराठी रंगभूमीनं आपल्या इतकी अंगवळणी पाडलीय, की मराठी घरातली मुलं विली लोमनला पटकन ‘बिचारा बाबा’ करून टाकतात. बिचारा तो आहेच. पण बिफच्या चोऱ्या त्यानं हसण्यावारी नेल्या, लिंडाला बोलू दिलं नाही, हेही त्याच संहितेत लिहिलेलं आहे.

वाचताना रंगसूचना सोडू नका, पाठ्यपुस्तकात त्या तिरक्या टायपात असतात म्हणून डोळे त्यांच्यावरून घसरतात. मिलरनं सुरुवातीलाच सांगून ठेवलंय, की वर्तमानकाळात पात्रं भिंती पाळतील, दारातूनच ये-जा करतील. भूतकाळ सुरू झाला की भिंतींतून सरळ आरपार चालत येतील. नाटकाचं आधीचं नाव ‘त्याच्या डोक्याच्या आत’ अशा अर्थाचं होतं, त्यावरून हे का ते कळतं. त्यामुळे त्याला नुसता फ्लॅशबॅक म्हणून सोडून देऊ नये. ते विलीच्या मनात आत्ता चाललंय. हॅन्सबेरीकडे असं काही नाही. एक खोली, एक लहानशी खिडकी, तिच्यात लीनाचं रोपटं, आणि वेळ घड्याळासारखी पुढे सरकणारी. भिंती तिथे खऱ्या आहेत, कुणालाच त्यांतून चालत जाता येत नाही. रोपट्यावरून आठवलं: विलीही रात्री बॅटरीच्या उजेडात बिया पेरतो. दोन्ही ठिकाणी बाग हे प्रतीक, असं लिहून मोकळं होऊ नये. लीना आहे त्या रोपाला जगवते आणि निघताना ते बरोबर नेते. विली ऊन न येणाऱ्या जमिनीत पेरतो.

सिनेमा बघून अभ्यास करणाऱ्यांसाठी शेवटचं. ‘अ रेझिन इन द सन’चा १९६१ चा सिडनी पॉइटियरचा चित्रपट जरूर बघा, रंगमंचावर वॉल्टर पहिल्यांदा त्यानंच केला होता. पण चित्रपटात ते कुटुंब नवं घर बघायला जातं; नाटकात ते घर आपल्याला एकदाही दिसत नाही. ‘नवीन घर पाहून लीनाच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो’ असं उत्तरात आलं, की पुस्तक उघडलं नव्हतं हे तपासणाऱ्याला तिथेच कळतं.