बाइंडरमधला बग: पॅच होता, फोनपर्यंत पोचला नव्हता

सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या बग शोधणाऱ्या टीममधल्या मॅडी स्टोन यांनी अँड्रॉइडच्या टीमला एक बग कळवला आणि तो जाहीर करण्याआधी सात दिवसांची मुदत दिली. एरवी ही मुदत ९० दिवसांची. पण बग वापरून हल्ले चालू असल्याचे धागेदोरे हाती असले, की इतकी उसंत मिळत नाही. या बगला पुढे सीव्हीई-२०१९-२२१५ हा, सुरक्षेच्या बगांच्या जाहीर यादीतला, क्रमांक मिळाला. खरं तर त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, दीड वर्षापूर्वीच लिहून झाला होता.

बग होता बाइंडर ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) एका भागात. अँड्रॉइडमधली अ‍ॅप्स एकमेकांशी आणि सिस्टीमशी बोलतात ती बाइंडरमार्फत. त्यामुळे तो सगळ्यांना खुला ठेवावाच लागतो, अगदी क्रोमच्या सँडबॉक्समध्ये कोंडलेल्या प्रोसेसलासुद्धा. हल्लेखोराला याहून सोयीचं दार कुठलं?

चूक यूज-आफ्टर-फ्री जातीची, म्हणजे फ्री करून टाकलेली मेमरी पुन्हा वापरण्याची. प्रोसेसने बाइंडरची फाइल ईपोलवर (फाइलींवर काही घडलं की कळवणाऱ्या कर्नलच्या सोयीवर) लावली, की ईपोल थ्रेडच्या वेटक्यूमध्ये, म्हणजे वाट पाहणाऱ्यांच्या यादीत, आपली नोंद घालतो. ही वेटक्यू असते बाइंडरच्या थ्रेड स्ट्रक्चरच्या पोटात. मग त्याच थ्रेडने ‘बाइंडर थ्रेड एक्झिट’चा आयऑक्टल (ड्रायव्हरला द्यायचा हुकूम) केला, की ड्रायव्हर ते स्ट्रक्चर फ्री करून मोकळा होतो. ईपोलला याचा पत्ताच नसतो. पुढे कधीतरी तो आपली नोंद काढायला जातो आणि लिस्ट जुळवण्याच्या नादात फ्री झालेल्या जागेत पॉइंटर लिहून बसतो. मधल्या वेळात हल्लेखोराने तिथे स्वतःचा डेटा भरून ठेवला असेल, तर त्यात कर्नलमधला पत्ता आयता मिळतो. प्रोजेक्ट झीरोने दाखवलेल्या एक्स्प्लॉइटमध्ये, म्हणजे बग वापरून हल्ला करणाऱ्या कोडमध्ये, तिथून पुढे प्रोसेसची पत्त्यांची मर्यादाच, म्हणजे अ‍ॅड्रेस लिमिट, उडवली होती. मग सगळी कर्नल मेमरी वाचायला आणि लिहायला मोकळी.

हे नोव्हेंबर २०१७ मध्येच सिझकॉलर या फझरने, म्हणजे आडवातिडवा इनपुट मारून बग शोधणाऱ्या प्रोग्रामने, पकडलं होतं. फेब्रुवारी २०१८ पर्यंत लिनक्स ४.१४ मध्ये आणि अँड्रॉइडच्या ३.१८, ४.४, ४.९ या कर्नलमध्ये पॅचही गेला. पण त्याला सीव्हीई क्रमांक कुणी घेतला नाही, आणि तो मासिक सिक्युरिटी बुलेटिनमध्येही आला नाही. माझ्या मते सगळं घोडं इथेच अडलं. फोन बनवणारे पॅच उचलतात ते बहुतांशी बुलेटिन पाहून. कर्नलच्या हजारो कमिटमधलं एक वेचायला कोण बसणार? गूगलचा स्वतःचा पिक्सेल २ सुद्धा त्यात सापडला. गॅलेक्सी एस७ ते एस९, हुआवेचा पी२०, रेडमी ५ए हेही होते. हल्ल्यांच्या संदर्भात इस्रायलच्या एनएसओ ग्रुप या स्पायवेअर विकणाऱ्या कंपनीचं नाव पुढे आलं; कंपनीने ते नाकारलं. अखेर ऑक्टोबर २०१९ च्या अपडेटमध्ये पिक्सेलना दुरुस्ती मिळाली.

दुखणं मात्र बाइंडरपेक्षा जुनं. ईपोल आणि सिग्नलएफडी (सिग्नल फाइलसारखे वाचायची सोय) यांच्यात २०१२ मध्ये हाच घोळ निघाला होता. ‘वेटक्यू जाते आहे, नोंद काढून घ्या’ हे सांगायला तेव्हा पोलफ्री हा फ्लॅग आला. बाइंडरच्या पॅचनेही तोच वापरला. डिसेंबर २०२१ मध्ये कळलं, की ज्या फंक्शनने हा निरोप धाडला जायचा ते एक्स्क्लुझिव्ह वेटरपैकी, म्हणजे एका वेळी एकानेच उठावं अशा नोंदींपैकी, एकालाच उठवतं, बाकीचे तसेच राहू शकतात. मग कर्नलचे डेव्हलपर एरिक बिगर्स यांनी ‘वेक अप पोलफ्री’ हे वेगळं फंक्शन लिहिलं, आणि बाइंडरमधली ती ओळ पुन्हा बदलली.