भट्टी नसलेल्या घरांचा पाव: ब्रिटनमधल्या तव्यावरच्या भाकऱ्यांची पार्श्वभूमी

स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात थंडी-पावसामुळे गहू नीट पिकत नसे. पिकायचे ते ओट आणि बार्ली. या पिठांत गव्हासारखी चिकटाई नाही, त्यामुळे यीस्ट घालूनही ती फारशी फुगत नाहीत. गरिबाघरी भट्टीही नव्हती, होती ती चुलीतली मंद आच. मग पीठ पातळ थापायचे आणि तापल्या दगडावर भाजायचे. वेल्समधल्या, बेदाणे घातलेल्या ‘वेल्श केक’च्या तिथल्या वेल्श भाषेतल्या नावाचा अर्थ आजही ‘दगडावरचे केक’ असाच होतो.

पुढे दगडाच्या जागी लोखंड आले. स्कॉट घोडेस्वार खोगिराखाली सपाट पत्रा आणि मागे ओटच्या पिठाची पिशवी बाळगतात, असे 14व्या शतकातला फ्रेंच बखरकार झाँ फ्र्वासार लिहितो. स्कॉटलंडमध्ये तव्याला ‘गर्डल’ म्हणतात. 1599 मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने गर्डल घडवण्याचा मक्ता तिथल्याच फाइफ परगण्यातल्या कूरस गावाला दिला. ओतीव बिडाचे तवे स्वस्त झाल्यावर तो धंदा बसला.

ओटकेकसाठी 115 ग्रॅम मध्यम दळलेले ओट, चिमूटभर मीठ, चिमूटभर सोडा, छोटा चमचा वितळलेली चरबी आणि 3-4 मोठे चमचे कडकडीत पाणी लागते. गार पाण्याने गोळा बांधला जात नाही; ज्वारीच्या पिठाला उकळते पाणी घालतात ते याच कारणाने. गोळा निवला की कडा तडकतात, म्हणून गरम असतानाच 3-4 मिलिमीटर लाटून चार तुकडे करावेत. एकाच बाजूने भाजावे. कडा वर वळल्या की काढून दुसरी बाजू विस्तवासमोर वाळवावी. ओटकेक घाईत उलटला तर हमखास मोडतो.

19व्या शतकात खाण्याचा सोडा आला आणि आयर्लंडच्या उत्तरेला, अल्स्टरमध्ये, सोडा फार्ल, म्हणजे सोड्याने फुगवून चार तुकड्यांत कापलेला तव्यावरचा पाव, रुजला. तिथला गहू मऊ, यीस्टला कमजोर, पण सोड्याला उत्तम. 250 ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा मीठ, पाऊण छोटा चमचा सोडा, साधारण 200 मिलिलिटर आंबट ताक. ताक पडताच वायू सुटू लागतो. म्हणून तवा आधी तापवावा. त्यावर भुरभुरलेले पीठ हळूहळू बदामी व्हावे. लगेच काळे पडले तर आच जास्त आहे, आत कच्चे राहील. पीठ मळू नये, नुसते गोळा करावे, नाहीतर फार्ल चिवट होतो. सोडा जास्त झाला तर पिवळेपणा आणि साबणासारखी चव येते. दीड सेंटीमीटर जाड थापून चार तुकडे करावेत, कोरड्या तव्यावर प्रत्येक बाजू 7-8 मिनिटे भाजावी. शेवटी तुकडे कापलेल्या कडांवर उभे करून त्या कडाही शेकाव्यात.