बापाला लागलेले किरण

गोव्यातल्या काणकोणातून पोळ्याचा नाका ओलांडून कारवार गाठायचे आणि काळी नदीच्या काठाने आत शिरायचे, की कैगा. २००० सालापासून तिथे अणुवीज तयार होते. सोयरिकीच्या बोलण्यात मुलगा ‘कैगाला असतो’ असे निघाले, की आमच्याकडे आधी पगार विचारतात. मग चहाचे कप उचलता उचलता कोणीतरी आवाज खाली आणते, ‘पुढे पोरांना काही होणार नाही ना?’ विचारणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. १९९४ मध्ये बांधकाम चालू असतानाच तिथला घुमट कोसळला होता, २००९ मध्ये कामगारांच्या पिण्याच्या पाण्यात ट्रिटियम, म्हणजे किरणे सोडणारा हायड्रोजन, सापडले होते. पण हा प्रश्न कैगाहून पुष्कळ जुना.

त्याची सुरुवात फळमाशीपासून होते. १९२७ मध्ये हर्मन म्युलर यांनी अमेरिकेत माश्यांवर क्ष-किरण सोडून दाखवले, की जनुकांतले बदल कितीतरी पटींनी वाढतात आणि पुढच्या पिढ्यांत उतरतात. त्यांना नोबेल मिळाले ते १९४६ मध्ये. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. माशीचे झाले तेच माणसाचे होणार, हे लोकांनी धरूनच टाकले.

खरे काय ते पाहायला जेम्स नील आणि विल्यम शुल हे अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ जपानात गेले. त्यांना मोठा आधार मिळाला तो रेशनचा. युद्धानंतरच्या टंचाईत पाच महिने भरलेल्या गरोदर बाईला जादा शिधा मिळत असे, त्यासाठी नाव नोंदवावे लागे. त्या नोंदींवरून १९४८ ते १९५४ या काळातली सुमारे ७७ हजार बाळंतपणे तपासता आली. जन्मजात व्यंगे, मृत जन्म, अर्भकांचे मृत्यू, कशातही बाँबमधून वाचलेल्या आईबापांमुळे ठळक वाढ दिसली नाही.

मग बाँबनंतर तिथे लहान डोक्याची मुले जन्मली म्हणतात, ती? ती खरीच होती. पण स्फोटाच्या वेळी ती स्वतः पोटात होती. आठव्या ते पंधराव्या आठवड्यातल्या गर्भाच्या मेंदूला किरणांचा थेट मार बसला होता. आईबापांच्या बीजातून आलेले ते व्यंग नव्हे. हा फरक लोकांपर्यंत कधी नीट पोचलाच नाही, आणि बाँबमधून वाचलेल्यांच्या मुलामुलींची लग्ने अडत राहिली. कित्येक घरांनी हिरोशिमाचे नावही काढायचे सोडून दिले.

धोका शून्य आहे असे मात्र कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही, कारण उंदरांत परिणाम दिसला आहे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत विल्यम रसेल यांनी लाखो उंदीर वापरले आणि १९५८ मध्ये दाखवले, की किरणांची तीच मात्रा सावकाश दिली तर बदल कमी होतात. पेशी दुरुस्तीला लागतात.

१९९० मध्ये इंग्लंडातल्या सेलाफिल्ड अणुकेंद्राजवळच्या मुलांचा रक्ताचा कर्करोग बापांच्या नोकरीशी जोडला गेला आणि भीती पुन्हा उसळली. पुढच्या अभ्यासांत तो धागा टिकला नाही, १९९३ मध्ये कोर्टातही नाही. आपल्या बाजूला केरळात, कोल्लमच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या खनिजाच्या वाळूत किरणे सोडणारे थोरियम असते आणि माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच नांदतात. १९९५ पासून तिथल्या १ लाख ४० हजारांहून अधिक नवजात बाळांची तपासणी झाली, जन्मजात व्यंगांत फरक आढळला नाही. चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतरच्या सफाई कामगारांच्या आणि तिथून हलवलेल्या लोकांच्या १३० मुलांची जनुके वाचून २०२१ मध्ये निष्कर्ष आला, तोही असाच.

आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाने २००७ मध्ये आनुवंशिक धोक्याचा अंदाज उतरवून दर सीव्हर्टला ०.२ टक्क्यावर आणला. सीव्हर्ट हे अंगाला लागलेल्या किरणांचे माप, मिलिसीव्हर्ट त्याचा हजारावा भाग. आपल्याकडे अणुकेंद्रातल्या कामगाराला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे. ती पुरी भरली तरी गणित दहा हजारांत दोनचे येते. काहीही कारण नसताना शंभरातल्या दोन-तीन बाळांत मोठे व्यंग असतेच.

गंमत अशी, की नवरदेवाची एवढी चौकशी करणारे आम्ही, एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्या सुनेला दिवस गेल्यावर काहीच विचारत नाही. तिने कळवल्या दिवसापासून पोटातल्या बाळासाठी उरलेल्या महिन्यांत मिळून १ मिलिसीव्हर्टची हद्द नियमाने घातलेली आहे. पण कळवायला हवे तिने, आणि तेही लवकर. आमच्याकडे तीन महिने भरेपर्यंत बातमी बाहेर काढत नाहीत.