सराव सामन्यात नेमकं काय सरावायचं?

क्लॅश रॉयल हा मोबाइलवरचा खेळ: कार्डं टाकून सैन्य उतरवायचं आणि समोरच्याचे टॉवर पाडायचे. त्याचा एक सामना तीन मिनिटांत आटोपतो; बरोबरी झाली तर थोडा वाढीव वेळ मिळतो. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीने हा खेळ २०१६ मध्ये आणला आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये तो प्रात्यक्षिक प्रकार म्हणून खेळला गेला. नियम दहा मिनिटांत समजतात, पण जिंकल्यावर वाढणाऱ्या आणि हरल्यावर घटणाऱ्या ट्रॉफींच्या कुठल्या तरी आकड्यावर गाडी अडते ती महिनोन्‌महिने तिथेच राहते. अशा वेळी मित्र सांगतात, "अजून खेळ, येईल आपोआप." ते आपोआप येत नाही. का येत नाही, याचं उत्तर शिकण्याच्या विज्ञानात बऱ्यापैकी सापडतं.

आधी हार-जितीबद्दल. नवा डेक, म्हणजे सामन्यात वापरायच्या कार्डांचा संच, बांधला, दहा सामने खेळलो, सात जिंकलो, म्हणजे डेक भारी, असं आपण धरून चालतो. पण नुसता छापा-काटा केला तरी दहापैकी सात किंवा त्याहून जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. म्हणजे अगदी सामान्य डेकही सहापैकी एकदा तुम्हाला असा भास करून देईल. ५५ टक्के सामने जिंकून देणारा डेक ५० टक्केवाल्यापेक्षा खरोखर सरस आहे हे जरा खात्रीने म्हणायचं, तर साधारण ४०० सामने लागतात. तीन मिनिटांचा एक धरला तरी सलग २० तास! एका संध्याकाळच्या निकालांवरून डेक बदलत राहणाऱ्याच्या हाती म्हणूनच काही लागत नाही. सामन्याचा निकाल ही सामन्यातली सर्वांत ढोबळ माहिती आहे. खरी माहिती तीन मिनिटांत घेतलेल्या वीस-पंचवीस निर्णयांत असते.

हे निर्णय कशावर ठरतात? मुख्यतः एलिक्झरवर, म्हणजे कार्ड टाकताना खर्चाव्या लागणाऱ्या ऊर्जेवर. दर २.८ सेकंदांनी एक एलिक्झर मिळतं, जास्तीत जास्त दहा साठतं, आणि ते दाखवणारी पट्टी भरलेली असताना गेलेला प्रत्येक क्षण वाया जातो. समोरच्याची पट्टी आपल्याला दिसत नाही, तिचा हिशोब मनातच ठेवावा लागतो. त्याने चार एलिक्झरचा हॉग रायडर हा हल्लेखोर टाकला, आपण तीनच्या कॅननने, म्हणजे तोफेने, तो अडवला, म्हणजे आपण एकने पुढे. ही वजाबाकी दुसरीतल्या मुलालाही येईल. अडचण एवढीच की ती करत असताना बोटाने कॅनन योग्य चौकोनात ठेवायची असते, दुसऱ्या बाजूने येणारं सैन्य पाहायचं असतं आणि पुढचं कार्डही ठरवायचं असतं. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी फार थोड्या. त्यामुळे ट्रॉफी पणाला लागली की मेंदू सगळ्यात आधी हिशोब सोडून देतो. रोज पन्नास सामने खेळूनही मोजणी येत नाही ती यामुळे, कारण त्या पन्नासांत मोजणीचा सराव झालेलाच नसतो.

क्लॅनमधल्या, म्हणजे खेळातल्या आपल्या गटातल्या, मित्राबरोबरच्या फ्रेंडली बॅटलचा (सराव सामन्याचा) उपयोग इथे आहे. ट्रॉफी जात नाही, म्हणून सामना हवा तसा मोडता येतो. नेट्समध्ये फलंदाज एकाच टप्प्यावरचे चेंडू मागून घेतो, तसं मित्राला सांगायचं की हल्ला फक्त हॉग रायडरनेच कर. हॉग फक्त इमारतींकडे धावतो. दोन टॉवरच्या मधोमध, किंचित पुढे कॅनन ठेवली तर तो तिकडे ओढला जातो आणि दोन्ही टॉवर त्याच्यावर मारा करतात. एखादा चौकोन चुकला की तो सरळ टॉवरवर जातो. ही जागा बोटात बसेपर्यंत दुसरं काहीही करायचं नाही.

पण ती बसली की तिथेच रेंगाळायचंही नाही. १९८६ मध्ये गूड आणि मॅगिल या संशोधकांनी विद्यार्थिनींना बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवून पाहिल्या. काहींनी एकेक प्रकार घोटून घेतला, काहींनी तिन्ही सरमिसळ केल्या. नंतरच्या चाचणीत, कोर्टाची बाजू बदलल्यावरही, सरमिसळ करणाऱ्या सरस ठरल्या. प्रत्येक वेळी नवा प्रकार आठवून काढावा लागतो आणि ते आठवणंच शिकणं घट्ट करतं, असा त्याचा एक उलगडा दिला जातो. अगदी नवख्याने सुरुवात घोटण्यापासूनच करावी, असं मला वाटतं. पुढे मात्र मित्राने न सांगता हल्ला बदलत राहावं, कधी हॉग, कधी बलून, कधी काहीच नाही. अशा सरावात आपण जास्त चुकतो आणि प्रगती थांबल्यासारखी वाटते. नेमके त्याच टप्प्यावर बरेच जण सराव सोडतात, याची मला फार हळहळ वाटते.

डेकमध्ये आठ कार्डं, हातात चार. खेळलेलं कार्ड रांगेत शेवटी जातं आणि दुसरी चार खेळल्यावर परत हातात येतं. याचा अर्थ असा की समोरच्याची आठही कार्डं एकदा दिसली की त्याचा हात उघडा पडतो: शेवटची चार खेळलेली कार्डं त्याच्याकडे नाहीत, उरलेली चार आहेत. 'हॉग २.६' (२.६ ही कार्डांची सरासरी किंमत) या प्रसिद्ध डेकमध्ये हॉगखेरीज सर्वांत स्वस्त चार कार्डं एक, एक, दोन, दोनची आहेत. म्हणजे सहा एलिक्झर खर्चून हॉग पुन्हा हातात, आणि आणखी चार खर्चून तो पुन्हा मैदानात. एकूण दहा, म्हणजे साध्या वेगाने २८ सेकंद. हे आकडे माहीत असलेल्याला दुसरा हॉग कधी येऊ शकतो ते आधीच कळतं.

चांगले खेळाडू हे सगळं मोजत बसतात का? बहुधा नाही. चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवलं की बुद्धिबळातले निष्णात पाच सेकंद पाहिलेला डाव पटावर बराचसा जसाच्या तसा मांडतात, पण मोहरी वाटेल तशी विखुरली तर त्यांची आठवणही नवख्यांइतकीच पडते. त्यांना सुटी मोहरी दिसतच नाहीत, ओळखीचे गुच्छ दिसतात. क्लॅशमध्येही "हॉग आला, कॅनन पडली, एकने पुढे" हा कालांतराने एकच गुच्छ होतो आणि डोकं पुढच्या विचाराला मोकळं राहतं.

हे गुच्छ लवकर बनावेत म्हणून एक प्रयोग सुचवतो. आपल्याच सराव सामन्याचा रिप्ले लावा. त्यात दोघांचंही एलिक्झर दिसतं. समोरच्याच्या पट्टीवर अंगठा ठेवा, हल्ला झाला की आकडा मोठ्याने म्हणा आणि अंगठा उचला. अंदाज आणि खरा आकडा यांतलं अंतर तिथल्या तिथे समजतं. सामना चालू असताना असं उत्तर कधीच मिळत नाही.

सरावाने सगळंच साधतं असं नाही. मानसशास्त्रज्ञ मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. खेळाडूंच्या कौशल्यातल्या फरकापैकी हेतुपूर्वक सरावाने उलगडणारा वाटा बुद्धिबळासारख्या खेळांत सुमारे २६ टक्के निघाला. मला तो वाटा मोठा वाटतो, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपल्या हातात नसतात.

आणि मित्र तयार असेल तर अधूनमधून डेकची अदलाबदल करा. ज्या डेकपुढे आपण नेहमी अडकतो तोच हातात घेतला की दोन-तीन सामन्यांत कळतं, तो खेळणाऱ्याला नक्की कोणत्या क्षणी धाकधूक होते.