एका ‘-इंग’मध्ये दोन प्रत्यय

पुणे स्टेशनवर नळाजवळ ‘ड्रिंकिंग वॉटर’ असं लिहिलेलं असतं. ‘इंग दिसलं की चालू काळ’ हा शाळेतला नियम लावला, तर ते पाणी काहीतरी पीत असायला हवं! नियमच अर्धवट आहे. तरीही अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या कितीतरी गाइडांत तो तसाच छापलेला असतो, आणि ‘३० दिवसांत फाडफाड इंग्रजी’वाल्या जाहिरातींचा तर तो पायाच. असल्या मंत्रांनी कुठलीही भाषा येत नाही.

आजच्या ‘-इंग’च्या जागी हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन स्वतंत्र प्रत्यय होते. ‘-उंग’ किंवा ‘-इंग’ लावलं की क्रियेचं नाव तयार व्हायचं: ‘हुंटुंग’ म्हणजे शिकार करणं. ‘-एंडे’ लावलं की करणाऱ्याचं वर्णन: ‘हुंटिएंडे’ म्हणजे शिकार करणारा, करत असलेला. आपल्याकडे ‘धावणे’ वेगळं आणि ‘धावत’, ‘धावणारा’ वेगळं, तसंच हे. जर्मनमध्ये ‘-उंग’ आणि ‘-एंड’ ही जोडी आजही शाबूत आहे. इंग्रजीत मात्र शब्दांच्या शेवटचे, आघात नसलेले स्वर पुसट होत गेले. १२ व्या शतकापासून दक्षिण इंग्लंडमध्ये ‘-एंडे’चं ‘-इंडे’, मग ‘-इंगे’ होऊ लागलं. दोन्ही प्रत्यय उच्चारात इतके जवळ आले, की लिहिणाऱ्यांनीही ते वेगळे ठेवले नाहीत. १५ व्या शतकाअखेर प्रमाण लेखनात एकच ‘-इंग’ उरला.

रूप एक झालं, पण कामं दोन्ही शिल्लक राहिली. ‘फ्लोइंग वॉटर’ म्हणजे वाहणारं पाणी, तिथे ‘-एंडे’चा वारस बसलाय. ‘ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे पिण्याचं पाणी, तिथे ‘-उंग’चा. इंग्रजी मातृभाषा असलेले लोक हा फरक आघाताने दाखवतात: पिण्याच्या पाण्यात मुख्य जोर ‘ड्रिंकिंग’वर, वाहत्या पाण्यात ‘वॉटर’वर. मराठी माणसाला तर सोपी कसोटी हाताशी आहे. ‘णं’ किंवा ‘ण्याचं’ बसलं तर नाम. ‘त’ किंवा ‘णारं’ बसलं तर विशेषण नाहीतर चालू क्रिया.

‘वॉकिन’, ‘टॉकिन’ अशा बोलीतल्या उच्चारांना आळशी म्हणून नाकं मुरडली जातात. पण हा ‘-इन’ वाटेल तिथे येत नाही. तो चालू क्रियेच्या रूपांत जास्त ऐकू येतो, नामांत कमी. भाषाशास्त्रज्ञ ॲन ह्यूस्टन यांनी १९८५ च्या आपल्या प्रबंधात या फरकाचं नातं थेट त्या जुन्या दोन प्रत्ययांशी जोडलं.