जालना, किल्लारी आणि आशाताईंचा कागद

निजामाच्या राज्याचं मनोरुग्णालय एके काळी जालन्यात होतं. १९५० च्या दशकात ते हैदराबादला, एर्रागड्ड्याला हललं. पुढं १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा दवाखाना तिकडं आणि पेशंट इकडं अशी वाटणी झाली. महाराष्ट्राची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्याच्या वाट्याला एकही नाही. मनाचा आजार ओळखायला गावातल्याच माणसांना शिकवण्याची कल्पना इथं का रुजली, ते या रिकाम्या जागेतून कळतं. इतक्या लांब नेण्यापेक्षा लोक आधी देवऋषी गाठत. ‘बाहेरचं झालंय’ म्हटलं की निदान एक नाव तरी मिळायचं आणि घरात कुणावर दोषही येत नसे. या समजुतीला हसणं सोपं आहे, पण तिच्या जागी ठेवायला दुसरं काही नव्हतं.

देशपातळीवर याची सुरुवात १९७५ च्या सुमाराला झाली. चंदीगडजवळच्या रायपूर राणी आणि बंगळूरजवळच्या साकलवाडा इथं प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना मनोविकार ओळखायला शिकवून पाहिलं गेलं. १९८२ ला राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ ला जिल्हा कार्यक्रम. हे बहुतेक सरकारी नोकरांपुरतं राहिलं. गावातल्या कमी शिकलेल्या बाईला आरोग्यसेविका करता येतं, हे मात्र बीडच्या वेशीला लागून असलेल्या जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० पासून दाखवायला सुरुवात केली होती. तिथला भर बाळंतपण, कुपोषण, कुष्ठरोग यांवर होता. मनाचं दुखणं कुणाच्या यादीत फारसं वर नव्हतं.

ते वर आलं किल्लारीच्या भूकंपानं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक नुकते झोपलेले. लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसं दगड-मातीच्या घरांखाली गेली. दिल्लीच्या एम्सच्या मनोविकारतज्ज्ञांनी वाचलेल्यांपैकी काहींची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत आघातानंतरचा ताण, नैराश्य असं काही ना काही आढळलं. पण बाहेरचे डॉक्टर येतात आणि जातात. राहिल्या त्या गावातल्या बाया. घरदुरुस्तीच्या सरकारी योजनेत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. त्यांचं काम होतं घरोघर जाऊन अनुदान कसं मिळतं, भिंत कशी बांधायची हे सांगणं. मनाच्या आरोग्याचं त्यात काहीही नव्हतं. तरी माझ्या मते खरा धडा तिथंच होता. ज्या घरात माणूस गेलंय तिथं सिमेंटच्या पोत्यांबद्दल बोलायला आलेली बाई दोन तास बसून रडणंही ऐकते, आणि तिला कुणी ‘मानसोपचार’ म्हणत नाही.

बाहेरच्या जगात याला रीतसर नाव मिळालं ते २००० साली. ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि टोनी जॉर्म यांनी मानसिक प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम सुरू केला. बेशुद्ध पडलेल्याला काय करायचं हे सामान्य माणसाला शिकवता येतं, तर खचलेल्याशी काय बोलायचं हे का नाही, असा साधा विचार त्यामागं होता. आपल्याकडं पुढं अमरावतीच्या खेड्यांत ‘विश्राम’ आणि नाशिकच्या पेठ भागात ‘आत्मीयता’ अशा प्रकल्पांनी गावातल्याच माणसांच्या हाती हे काम दिलं. विश्रामच्या ३० गावांत नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

मराठवाड्यात सरकारला हलवलं ते शेतकरी आत्महत्यांनी. २०१५ मध्ये राज्यानं ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यातल्या १४ जिल्ह्यांत मराठवाड्याचे आठही आले, आणि काम पडलं आशाताईंच्या अंगावर. त्यांच्या हाती नऊ प्रश्नांचा कागद. गेल्या दोन आठवड्यांत कामात मन लागतं का, झोप कशी आहे, जगू नये असं वाटतं का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, बेरीज २७ पर्यंत. कागद सोपा, विचारणं अवघड. गडीमाणूस ओट्यावर बसलेला, शेजारी दोन जण, आणि त्याला गावची सूनबाई विचारणार, ‘मन लागतं का?’ मनातलं विचारायला आधी पीकपाणी, बँकेची नोटीस, लेकीचं लग्न यांच्यावरून फिरून यावं लागतं. प्रशिक्षणात हे शिकवता येत नाही. आशाताईंना बहुधा ते आधीच येत असतं. आणि हे सगळं मानधनावर, लसीकरणाच्या नोंदी सांभाळून.

बेरीज जास्त आली की पुढं पाठवायचं. तिथं गाडं अडतं. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, एसटीचं भाडं, एक दिवसाची मजुरी बुडणार, शिवाय गावात चर्चा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाकडं गुन्हेगार म्हणून नव्हे, तर तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून पाहायला सांगितलं. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी फोन सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो. फोनला भाडं पडत नाही, एवढं खरं. आणि जे रुग्णालय सत्तर वर्षांपूर्वी गेलं, त्या जागी नवं प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झालंय. पुन्हा जालन्यातच.