नागपूरच्या पोटातून रेल्वे नेली तर?

विहीर खणणाऱ्याला थर सांगावे लागत नाहीत. आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. आणि झरा फुटला की उपसा आलाच. भुयारी रेल्वेचं गणितही याच थरांवर बसतं. नागपूर तर बसाल्टच्या, म्हणजे याच काळ्या पाषाणाच्या, पूर्व कडेवर वसलंय. पश्चिमेला काळा पाषाण, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नीस नावाचा खडक. एकाच बोगद्यात दगड बदलत गेला, की यंत्राचेही हाल. त्यात भुयारी मार्गाला खांबांवरच्या मार्गाच्या दोन-तीन पट पैसा लागतो. २०१९ मध्ये धावू लागलेल्या नागपूर मेट्रोला म्हणूनच एकही भुयारी स्थानक नाही.

मुंबईची साडेतेहतीस किलोमीटरची मेट्रो-३ मात्र जवळपास सगळी जमिनीखाली आहे. ते भुयार खणणारं यंत्र दगड कापत नाही. त्याच्या तोंडावरच्या पोलादी चकत्या प्रचंड दाबाने दगडावर गोल फिरतात आणि दोन चकत्यांमधला दगड कपच्या होऊन सुटतो. मागोमाग सिमेंट काँक्रीटचे वक्र तुकडे जोडून कडं बसवतात. कडं आणि दगड यांच्यातल्या फटीत लगेच गिलावा दाबून भरतात. त्यात कसूर झाली तर वरची जमीन खचते, घरांना तडे जातात.

एवढं करूनही वरच्या रस्त्याला बोगदा कळतही नाही. त्याला छळतं ते स्थानक. त्यासाठी भलामोठा खड्डा वरूनच खणावा लागतो आणि दुकानदारांची काही वर्षं पत्र्याच्या कुंपणाआड जातात. काम संपल्यावर उरतात फक्त जिने. मोकळा झालेला रस्ता मग गाड्यांनी पुन्हा भरतो, पदपथ आधीच रुंद केले नाहीत तर हमखास. दिल्लीत चांदनी चौकाला मेट्रो २००५ मध्ये आली. तिथला मुख्य रस्ता दिवसा मोटारींना बंद झाला २०२१ मध्ये. मेट्रोने जागा दिली, पण ती माणसांना द्यायचा निर्णय वेगळाच घ्यावा लागला.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा भुयार थंडगार असेल असं कुणालाही वाटेल. दहा-बारा मीटर खाली जमिनीचं तापमान बारमाही साधारण २७ अंशांच्या आसपास राहतं, हे खरं. पण गाड्यांचे ब्रेक, मोटारी आणि एसी सतत उष्णता सोडतात आणि भोवतालची जमीन ती साठवून ठेवते. लंडनच्या भुयारांभोवतीची चिकणमाती शंभर वर्षांत अशीच कित्येक अंशांनी तापली. नागपुरात भुयार झालंच, तर हवा खेळवणारे पंखे बोगद्याइतकेच महत्त्वाचे ठरतील.

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू-समुद्रपूरकडून येणाऱ्याचं मात्र या सगळ्यावाचून अडलेलं नाही. दुसऱ्या टप्प्यात मेट्रो नागपूरजवळच्या बुटीबोरीपर्यंत यायची आहे, तीही भुयाराविनाच. त्याला एवढंच हवंय, की एसटीतून उतरल्यावर जिना जवळ असावा आणि परतीची मेट्रो शेवटच्या एसटीआधी पोचावी. पाच मिनिटं हुकली, की मुक्काम बहिणीकडे.